ध्यासाचे हप्ते कोण भरतो?

दहावी-बारावीचे निकाल लागले की पुढचे पंधरा दिवस ओळखीच्या घरांतून मला दूरध्वनी येत राहतात. पत्रकाराला सगळेच ठाऊक असते, अशी एक भाबडी समजूत आपल्या समाजात अजून शिल्लक आहे, तिचा हा परिणाम. यंदाही आले. त्यातला एक दूरध्वनी एका बँक अधिकाऱ्याचा होता. मुलीला दहावीला ब्याण्णव टक्के गुण मिळालेले आणि तिने कला शाखेचा हट्ट धरलेला. "तुम्ही जरा तिला समजावून सांगा ना," असे गृहस्थ म्हणाले. नेमके काय समजावून सांगायचे, हे मात्र त्यांनी सांगितले नाही. मी स्वतः कला शाखेचा पदवीधर आहे, हे त्यांना मध्येच आठवले असावे. कारण पुढचे वाक्य त्यांनी गिळले.

मी दहावी झालो १९८४ साली. अठ्ठ्याहत्तर टक्के गुण होते आणि त्या काळी ते चांगलेच समजले जात. मला मराठी आणि इतिहास शिकायचा होता. वडील टपाल खात्यात. ते काही बोलले नाहीत, पण शेजारच्या काकूंनी आईला स्वयंपाकघरात गाठून हळू आवाजात विचारले, "एवढे मार्क पडूनसुद्धा आर्ट्‌स? काही अडचण आली का हो?" मुलाला कावीळ झाल्यासारखा त्यांचा सूर होता. या गोष्टीला चाळीस वर्षे उलटून गेली. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने कला, विज्ञान आणि वाणिज्य यांच्यामधल्या भिंती पाडायचे ठरवले. कागदावरच्या भिंती धोरणाने पडतीलही. दिवाणखान्यातल्या भिंतींना अजून कुणी हात लावलेला नाही.

हे झाले नाण्याचे एक अंग. दुसरे अंग गेल्या काही वर्षांत आपल्या गुणगौरव समारंभांतून दिसू लागले आहे. शाल-श्रीफळ झाले की व्यासपीठावरचे प्रमुख वक्ते पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना सांगतात, पैशाच्या मागे लागू नका, तुमची 'पॅशन' ओळखा, मनाला हाक घाला, बाकी सगळे आपोआप होईल. टाळ्या पडतात. वक्त्यांचे मानधन पाकिटात घालून द्यायचे असते, ही गोष्ट संयोजकांपैकी कुणीतरी कोषाध्यक्षांच्या कानात सांगत असतो. मी अशा कार्यक्रमांची वृत्ते वर्षानुवर्षे लिहिली आहेत. पैशाकडे पाहू नका, असे सांगणारा वक्ता फुकट आल्याचे मला तरी आठवत नाही.

एकीकडे "पोटापाण्याचे काय?" असा दरडावणारा प्रश्न आणि दुसरीकडे "पोटापाण्याचा विचारच करू नकोस" असा गोड सल्ला. मुलांनी कोणाचे ऐकायचे? माझ्या मते दोघेही अर्धेच सांगतात. उरलेले अर्धे सांगायला आपल्या महाराष्ट्रात एक उत्तम उदाहरण आहे. आपण ते फार वेळा सांगतो आणि बहुतेक वेळा चुकीचे सांगतो.

सरकारी नोकरी सोडणारा माणूस

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी झाला. वडील संस्कृतचे विद्वान. मुलगा मात्र १८८५ साली मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेला आणि पुढे बडोद्याच्या कलाभवनात. चित्रकला, मूर्तिकाम, छायाचित्रण असे जे जे हाताला लागेल ते तो शिकत राहिला. गोध्र्याला त्यांनी छायाचित्रकाराचा व्यवसाय मांडला. तिथे प्लेगाने पहिली पत्नी आणि मूल गेले. मग त्यांनी जादूचे प्रयोग केले, तेही 'प्रोफेसर केळफा' या नावाने. (फाळके उलटे वाचा.) पुरातत्त्व खात्यात सरकारी नोकरी लागली. ती सोडून त्यांनी लोणावळ्याला ठसे करण्याचा आणि छपाईचा कारखाना काढला, रंगीत छपाईच्या यंत्रांसाठी १९०९ साली ते जर्मनीला जाऊन आले. धंद्याला बरकत आली आणि तेवढ्यात भागीदारांशी बिनसले. फाळके त्यातून बाहेर पडले.

चाळिशी उलटलेला, बायको-मुले असलेला, सरकारी नोकरी आणि चालता कारखाना दोन्ही सोडून बसलेला ब्राह्मण गृहस्थ. आज असा माणूस आपल्या सोसायटीत राहत असता, तर आपण त्याच्याविषयी जिन्यात काय बोललो असतो, याची कल्पना करायला फार प्रतिभा लागत नाही.

१९११च्या एप्रिलमध्ये, ईस्टरच्या दिवसांत, गिरगावातल्या एका तंबूवजा चित्रगृहात त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरील मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त हलत होता आणि फाळक्यांच्या डोळ्यांसमोर राम, कृष्ण, गोकुळ, अयोध्या हलत होती, असे त्यांनी पुढे १९१७ साली 'नवयुग' मासिकातील लेखांत स्वतःच लिहून ठेवले आहे. आपल्या देवादिकांना आपण असे पडद्यावर कधी पाहणार, हा तो प्रश्न. इथपर्यंतची कथा सगळ्यांना तोंडपाठ असते. एका क्षणी साक्षात्कार झाला आणि दोन वर्षांनी, ३ मे १९१३ रोजी, मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात 'राजा हरिश्चंद्र' लागला. व्यासपीठावरच्या वक्त्यांना एवढे पुरते.

मला मात्र त्या दोन वर्षांविषयी आणि त्याआधीच्या वीस वर्षांविषयी बोलायचे आहे.

त्याआधीच्या वीस वर्षांत या माणसाने जे काही केले, ते त्या काळच्या लोकांना धरसोड वाटले असेल. वस्तुतः चित्रपटाला जे जे लागते ते त्यांनी आधीच हातात बसवून घेतले होते. पडदे रंगवायचे तर चित्रकला होती, प्रकाश आणि रसायने सांभाळायची तर छायाचित्रण होते, माणूस अदृश्य करायचा तर जादू होती, यंत्र उघडून पुन्हा जोडायचे तर छापखान्याचा हात होता. म्हणजे ओढ एका संध्याकाळी लागली असेल, पण ती पेलणारे हात वीस वर्षे तयार होत होते. आपली आवड सापडली असे म्हणणाऱ्या तरुणाला मी पहिला प्रश्न हाच विचारतो, की बाबा, हात कशात बसला आहे?

दुसरे असे की फाळक्यांनी लगेच उडी घेतली नाही. त्यांनी किती तरी महिने रोज चित्रपट पाहिले, घरी यंत्राशी खटाटोप केला, झोप सोडली, आणि डोळ्यांवर इतका ताण आला की काही काळ दिसेनासे झाले होते. पैसे उभे करायचे तेव्हा त्यांनी भाषण केले नाही. कुंडीत दाणा पेरला, त्याचा अंकुर फुटून वेल वाढेपर्यंत रोज थोडे थोडे चित्रण केले आणि ती छोटीशी फीत एका सधन स्नेह्याला दाखवली. झाड डोळ्यांदेखत वाढताना पाहून कर्ज मिळाले. तारण काय? फाळक्यांची विम्याची पॉलिसी.

याच पॉलिसीपाशी मी दर वेळी अडखळतो.

पॉलिसी कोणाची?

विमा माणूस स्वतःसाठी काढत नाही. आपल्यामागे बायको-मुलांचे काय, या भीतीला दिलेले ते उत्तर असते. फाळक्यांनी गहाण टाकली ती स्वतःची ठेव नव्हती. सरस्वतीबाईंची आणि मुलांची होती. त्यांनी ते दडवले नाही, बाईंना विश्वासात घेतले आणि बाई 'हो' म्हणाल्या. त्या कशा म्हणाल्या असतील, मनात काय आले असेल, याची नोंद कोठे नाही. जी नोंद आहे ती त्यांच्या कामाची.

फाळके १९१२च्या फेब्रुवारीत लंडनला गेले. ना ओळख ना शिफारस. 'बायोस्कोप' साप्ताहिकाच्या संपादकाला थेट भेटले. त्या भल्या गृहस्थाने आधी त्यांना परावृत्त करायचा प्रयत्न केला आणि मग सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत पाठवले. विल्यमसनचा कॅमेरा, फितीला भोके पाडायचे यंत्र असे सामान घेऊन ते एप्रिलच्या आरंभी परतले. त्या काळी कच्ची फीत विनाभोकांची येई. ती अंधारात, हाताने यंत्रात घालून कडेला भोके पाडावी लागत आणि एक भोक चुकले तर चित्र थरथरे. दादरच्या घरी हे काम सरस्वतीबाई करीत. फीत धुण्याच्या कामातही त्या होत्या. चित्रणाच्या वेळी उन्हात पांढऱ्या चादरी धरून उभ्या राहत, म्हणजे नटांच्या तोंडावर उजेड परतेल. आणि कंपनीतल्या साठ-सत्तर माणसांचा दोन वेळचा स्वयंपाक, तोही त्यांच्याकडेच. हरिश्चंद्राचा मुलगा रोहिदास झाला तो त्यांचाच थोरला भालचंद्र.

तारामतीची गोष्ट त्याहून बोलकी आहे. चित्रपटात काम करायला स्त्री मिळेना. फाळक्यांनी जाहिराती दिल्या, नको त्या वस्त्यांतही जाऊन विचारले. कुणी तयार होईना. अखेर ग्रँट रोडच्या एका खाणावळीत अण्णा साळुंके नावाचा सडपातळ आचारी दिसला. त्याला तिथे दहा रुपये पगार होता, फाळक्यांनी पंधरा देऊ केले आणि भारतीय चित्रपटाची पहिली नायिका मिळाली. पाच रुपयांच्या वाढीवर! कलेसाठी सर्वस्व देण्याच्या गोष्टी आपण ज्या चित्रपटाच्या निमित्ताने सांगतो, त्यातली तारामती चांगला पगार मिळाला म्हणून आली होती, हे मला फार आवडते. साळुंक्यांनी त्या पाच रुपयांत कसूर केली नाही. १९१७च्या 'लंकादहन'मध्ये तर राम आणि सीता दोन्ही तेच झाले. पैशासाठी आलेला माणूस मन लावून काम करीत नाही, हेही एक सोयीचे खोटेच म्हणायचे.

चित्रपटात काम करतो म्हटले की नातेवाइकांत तोंड दाखवायची चोरी. म्हणून फाळक्यांनी आपल्या माणसांना सांगून ठेवले होते, कुणी विचारले तर म्हणा, हरिश्चंद्राच्या कारखान्यात नोकरीला आहोत. कारखाना म्हटले की समाजाचे समाधान होते. आजही मुलगा 'कंपनीत' आहे म्हटले की पुढचा प्रश्न येत नाही. तो तिथे काय करतो, हे त्याच्या आईलाही ठाऊक नसते.

साळुंक्यांच्या पंधरा रुपयांचा हिशेब शंभर वर्षांनंतरही आपल्याला सांगता येतो. सरस्वतीबाईंच्या कामाचा हिशेब कुणी ठेवलाच नाही, कारण तो कुठल्या वहीत लिहायचा हे कुणाला सुचले नसावे. पुढे १९१४ साली फाळके आपले चित्रपट घेऊन पुन्हा इंग्लंडला गेले. तिथे राहून चित्रपट काढण्याचा प्रस्ताव आला होता. त्यांनी तो नाकारला. हा धंदा स्वदेशात उभा राहिला पाहिजे, हा त्यांचा बाणा होता. पण परत येतात तो महायुद्ध सुरू झालेले, भांडवलदारांनी हात आखडलेले. त्या ओढगस्तीत पुन्हा बाईंचे दागिने उपयोगी पडले. मग 'लंकादहन'ने पैशाचा पाऊस पाडला, १९१८ साली भागीदारीत हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली, भागीदारांशी पुन्हा खटके उडाले, फाळके विटून काशीला जाऊन बसले, तिथे नाटक लिहिले, परत आले. बोलपट आले आणि त्यांचा काळ मागे पडला. १९३७चा 'गंगावतरण' हा शेवटचा. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला ते गेले, तेव्हा ज्या धंद्याची त्यांनी मुहूर्तमेढ रोवली त्या धंद्याला त्यांची फारशी आठवण राहिली नव्हती. त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू झाला तो १९६९ सालचा.

२००९ मध्ये परेश मोकाशी यांचा 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' आला, तेव्हा आम्ही सहकुटुंब पाहिला. चित्रपट प्रसन्न आहे, मनसोक्त हसवतो आणि फाळक्यांच्या भरभराटीच्या आरंभापाशीच थांबतो. तसा थांबण्याचा दिग्दर्शकाला हक्क आहे. संसाराला तो नसतो.

नाद, वेड आणि बाकीचे शब्द

आपली मराठी या बाबतीत फार चोख आहे. हौस, छंद, नाद, वेड, ध्यास असे शब्द ओळीने उभे आहेत आणि त्यांतला कोणता वापरायचा हे खर्च कोणाच्या खिशातून होतो यावर ठरते. रविवारी करायची ती हौस. पगारातून होतो तो छंद. घरच्यांच्या पैशातून होऊ लागला की लोक 'त्याला गाण्याचा नाद आहे' म्हणतात, आणि हे म्हणताना स्वर बदलतो. दागिने विकावे लागले की वेड. मग सगळे निभावले, नाव झाले, वर्तमानपत्रात छायाचित्र आले, की त्याच वेडाला ध्यास म्हणायला लागतात. माणूस तोच, काम तेच. फाळक्यांना या सगळ्या शब्दांतून जावे लागले असणार.

म्हणूनच मुलांना 'ध्यास घ्या' असा उपदेश करणे मला अप्रामाणिक वाटते. ध्यास हा मागाहून मिळणारा किताब आहे. सुरुवातीला जे असते त्याला घरात नादच म्हणतात आणि ते ऐकून घेण्याची तयारी लागते.

इथे मला स्वतःविषयी थोडे सांगितले पाहिजे, नाहीतर सरस्वतीबाईंविषयी लिहिण्याचा मला अधिकार नाही. मी १९८९ साली बी. ए. झालो आणि एका दैनिकात अकराशे रुपयांवर लागलो. मला हेच काम हवे होते. त्याच सुमारास बँकेची परीक्षा द्यायचा आग्रह झाला होता, अर्जही आणून ठेवला होता. मी तो भरला नाही. या न भरलेल्या अर्जाचे मी पुढे भांडवल केले. तरुण वार्ताहरांना सांगायचो, मी बँक सोडून शब्दांकडे आलो. बँकेने मला बोलावलेच कुठे होते, हा भाग सोयीने गळून जाई.

माझे लग्न झाले ते एका शिक्षिकेशी. अनुदानित शाळा, महिन्याच्या महिन्याला पगार. पुढे मी ज्या दैनिकात होतो त्याची आमच्या शहरातली आवृत्ती एका सकाळी बंद झाली आणि सात महिने मी घरी होतो. त्या सात महिन्यांत मी एक दीर्घ लेखमाला लिहिली. तिचे कौतुक झाले, एक छोटासा पुरस्कारही मिळाला. सत्काराला उत्तर देताना मी निष्ठा, व्रत, लेखणी असे बरेच बोललो. घरी परतताना रिक्षात पत्नीने सहज विचारले, "दूधवाल्याचे दोन महिन्यांचे राहिलेत, ते या बक्षिसातून देऊ का?" तोवर मला ठाऊकच नव्हते, की दूधवाल्याचे राहिले आहेत. माझ्या व्रताचे हप्ते दुसरेच कुणी भरत होते आणि मी ते मोजलेही नव्हते.

या साप्ताहिकाच्या वाचकांना हे चित्र अनोळखी वाटणार नाही. सार्वजनिक कामात आयुष्य घातलेल्या किती तरी गृहस्थी कार्यकर्त्यांची घरे वहिनींच्या नोकरीवर, शिकवण्यांवर, शिवणकामावर चालली आहेत. त्यांचे सत्कार होतात तेव्हा 'सौ. वहिनींची मोलाची साथ' असे एक वाक्य असते. एक वाक्य. असो.

चष्म्याचे दुकान

मग पैसा आधी आणि आवड मागाहून, असे म्हणायचे का? तेही नाही. पुण्याच्या बाजीराव रस्त्याजवळ राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. मुलगी लहान असताना तिला मी तिथे अनेकदा नेले आहे. अडकित्ते, वज्र्या, दिवे, फण्या, दौती, कुलपे. राजेरजवाड्यांच्या तलवारींपेक्षा सामान्य माणसाच्या हातातल्या वस्तू तिथे अधिक. हा वीस हजारांहून मोठा संग्रह एका माणसाने आयुष्यभर वणवण करून जमवला. दिनकर गंगाधर केळकर. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणारे. त्यांच्या घरचा व्यवसाय चष्म्यांचा होता. दुकान संसाराला लागेल ते देत होते आणि केळकर वाड्यांतून, गावांतून, भंगारातून वस्तू हुडकत होते. कमलाबाई या खटाटोपात त्यांच्या बरोबरीने होत्या. १९७५ साली त्यांनी हा सगळा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. लहानपणीच गेलेल्या राजा या मुलाचे नाव त्याला दिलेले आहे.

केळकरांनी फाळक्यांसारखी उडी घेतली नाही. म्हणून त्यांचे वेड कमी प्रतीचे होते, असे त्या वज्र्यांच्या कपाटासमोर उभे राहून कुणी म्हणून दाखवावे. दुकानाने त्यांच्या नादाला जामीन राहावे, अशी ती व्यवस्था होती. आजच्या 'सगळे सोडून ये' या हाकाटीत या दुसऱ्या वाटेचे नाव कुणी घेत नाही, कारण तिच्यात नाट्य नाही. दुकान उघडणे, दुकान बंद करणे, यावर चित्रपट निघत नाही.

अर्थात ही वाट प्रत्येक कामाला चालते असेही नाही. संग्रह संध्याकाळी करता येतो. चित्रपट संध्याकाळी काढता येत नाही. शस्त्रक्रिया, गायन, उत्खनन यांना माणूस पुरा लागतो. त्यामुळे उडी घ्यायची की दुकान सांभाळायचे, हे मुलाच्या स्वभावाइतकेच त्या कामाच्या स्वभावावर ठरते. कामाचा स्वभाव ठाऊक व्हायला ते थोडे तरी करून पाहावे लागते. फाळक्यांनी अंकुर फुटेपर्यंत कुंडीजवळ बसून ते पाहिले.

उत्खननाची गोष्ट

उत्खननाचे नाव वर घेतले ते उगाच नाही. संग्रहालयात बोट धरून नेलेली मुलगी आता सव्वीस वर्षांची आहे. संगणक अभियंता झाली, पुण्यातल्या एका कंपनीत चार वर्षे नोकरी केली, माझ्या शेवटच्या पगाराहून तिचा पहिला पगार मोठा होता. गेल्या दिवाळीत तिने सांगितले, नोकरी सोडून डेक्कन कॉलेजात पुरातत्त्व शिकायचे आहे.

आणि मी, कला शाखेचा पदवीधर, बँकेचा अर्ज न भरणारा, क्षणाचाही विलंब न लावता म्हणालो, "पोटापाण्याचे काय?" हा आवाज माझा नव्हता. शेजारच्या काकूंचा होता.

मग मी सावरून तिला विष्णु श्रीधर वाकणकरांची गोष्ट सांगितली. १९५७ साली आगगाडीच्या खिडकीतून भोपाळजवळचे खडक त्यांना दिसले, ते उतरून रानात शिरले आणि भीमबेटकाची शैलचित्रे जगाला कळली. २००३ साली त्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला. मला वाटले, मुलगी भारावेल. ती म्हणाली, "बाबा, ते चित्रकार होते, उज्जैनला शिकवत होते, आणि तोवर किती तरी शैलाश्रय पालथे घातले होते. खिडकीतून तेच खडक हजारो लोकांनी पाहिले असतील." मी गप्प बसलो. वाकणकर तिने माझ्यापेक्षा नीट वाचले होते.

तिच्या निवडीची मला भीती वाटते ती वेगळ्या कारणाने. पुरातत्त्वात कायम नोकऱ्या मोजक्या. महाविद्यालयांत इतिहास, संस्कृत, तत्त्वज्ञान शिकवणारी तरुण माणसे वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर राबतात. तास झाला तर पैसे, सुट्टी लागली तर शून्य. पदव्युत्तर शिक्षण, नेट-सेट, पीएच. डी. एवढे सगळे करून चाळिशीला पोहोचलेला माणूस घराचे कर्ज मागायला बँकेत जाऊ शकत नाही. आपण वारशाविषयी, इतिहासाविषयी, संस्कृतीविषयी व्याख्यानमाला भरवतो, सभागृहे तुडुंब भरतात. तो इतिहास उकरून काढणाऱ्याला आणि शिकवणाऱ्याला महिन्याला काय मिळते, हे त्या सभागृहात कुणी विचारत नाही. उलट 'आवडीचे काम करता, भाग्यवान आहात' असे म्हणून आपण त्याचे मानधन कापतो. आवड असलेल्या माणसाला कमी पैसे द्यावेत, हा न्याय कुठून आला? अण्णा साळुंक्यांना वाढ देणाऱ्या फाळक्यांचा तरी तो नव्हे. पालक घाबरतात ते सगळेच लोभी असतात म्हणून नाही. समाज या कामांची काय किंमत करतो, ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले असते. मुलांच्या निवडीवर बोट ठेवण्याआधी तासिका तत्त्वावरच्या त्या प्राध्यापकाकडे पाहायला हवे. आपल्या नगरातल्या शिक्षणसंस्थांच्या कार्यकारिणीत आपलीच माणसे असतात, त्यांना हे विचारायला आपल्याला कुणी अडवलेले नाही.

त्या बँक अधिकाऱ्यांना मी काय सांगितले, ते सांगायचे राहिले. मी त्यांच्या मुलीला समजावले नाही. तिच्याशी बोललो. तिला अर्थशास्त्र आणि मानसशास्त्र शिकायचे आहे, मामाच्या दवाखान्यात सुट्टीभर बसून तिने रुग्णांच्या नातेवाइकांशी बोलण्याचे काम केले आहे आणि त्याची एक वही लिहिली आहे. वही मी वाचली. वडिलांना म्हणालो, ही वही तुम्ही वाचा आणि मग मला दूरध्वनी करा. अजून आलेला नाही.

आमच्या घरी दिवाळीनंतर महिनाभर हा विषय निघाला नाही. मग एका रविवारी पत्नीने मुलीला समोर बसवले. मी आपला फाळके, केळकर, वाकणकर मनात जुळवत होतो. तिने एकच विचारले, "शिल्लक किती आहे आणि किती महिने पुरेल?" मुलीने वही काढली. फी, खोलीचे भाडे, खाणावळ, उत्खननाच्या शिबिरांचा प्रवास, सगळे मांडलेले होते. दोन वर्षे चार महिने पुरेल, असे तिने सांगितले. त्यानंतर शिष्यवृत्ती मिळाली नाही तर संगणकाचे काम अर्धवेळ करायचे, तशी बोलणी एका ठिकाणी करून ठेवली आहेत. पत्नीने वही हातात घेतली, बेरीज पुन्हा तपासली आणि एका ठिकाणी औषधपाण्याचा खर्च धरलेला नाही, हे दाखवून दिले. पस्तीस वर्षांच्या पत्रकारितेत मला असा हिशेब कुणी विचारला नव्हता, आणि मीही कधी मांडला नव्हता.

या महिन्याअखेर तिचा नोकरीतला शेवटचा दिवस आहे. आईने एकच अट घातली आहे, विम्याचे हप्ते चुकवायचे नाहीत. पहिल्या वर्षाचे हप्ते मी भरणार आहे.